काकांच्या बायपाससाठी जमीन विकावी का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. काका ५४ वर्षांचे, भंडारा जिल्ह्यात पवनी तालुक्यात दोन एकर धानाची शेती. छातीत दुखतं म्हणून तुम्ही त्यांना नागपूरला आणलंत. धंतोलीतल्या एका खासगी रुग्णालयात अँजिओग्राफी झाली, तीन नसांमध्ये ब्लॉक निघाले, बायपास सांगितली आणि अंदाज दिला चार लाखांचा. त्याच महिन्यात तुमच्या दुकानमालकांच्या वडिलांना हाच आजार निघाला आणि तिसऱ्या दिवशी त्यांचं ऑपरेशन झालंसुद्धा. काका मात्र गोळ्या घेऊन गावी बसलेत, जमिनीला गिऱ्हाईक तयार आहे, आणि तुम्ही विचारता, 'जमीन विकून खासगीत करावं की मेडिकलला (नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) नंबर लावावा? खरं सांगा, गरिबाला तिथे नीट उपचार मिळतात का?'

मी डॉक्टर नाही. वैद्यकीय समाजसेवक आहे. आधी एका धर्मादाय रुग्णालयात आणि मग बरीच वर्षं सरकारी रुग्णालयात काम केलं, सगळं नागपुरातच. त्यामुळे बायपास करायची की अँजिओप्लास्टी, हे मी सांगणार नाही. पण ऑपरेशन ठरल्यापासून माणूस टेबलावर जाईपर्यंत आणि सुटी होऊन घरी गेल्यावर गरीब घरात काय काय होतं, ते बघणं हेच माझं काम. उत्तर लांब होणार आहे. म्हणून आधी गावी फोन करा आणि 'गिऱ्हाइकाला थांबायला सांगा, इसार घेऊ नका' एवढं कळवा. मग पुढचं वाचा.

'खासगी की सरकारी' हा प्रश्न तुम्हाला पडला, कारण समोर तोच दिसतोय. पण मालकांचे वडील आणि काका यांच्यातला फरक रुग्णालयाच्या पाटीपुरता नाही. मालकांच्या घरी दुखायला लागलं त्या संध्याकाळीच ओळखीच्या फिजिशियनना फोन गेला असेल. रात्रीच ईसीजी निघाला असेल. विम्याचे कागद कपाटात तयार असतील आणि धावपळ करायला घरातली दोन माणसं मोकळी असतील, ज्यांचा त्या दिवशीचा रोज बुडत नाही. काकांच्या बाबतीत काय झालं असेल, याचा अंदाज मला आहे, कारण हीच गोष्ट मी फार जणांकडून ऐकली आहे. चालताना छातीत भरून यायचं, त्याला ॲसिडिटी म्हटलं. गावात इंजेक्शन झालं, सलाईन लागलं. उन्हाळी धानाची कापणी व्हायची होती, त्यात महिना गेला. मग तालुक्याला ईसीजी, तिथून 'नागपूरला न्या'. आजार तोच, वाटेत गेलेले दिवस वेगळे आणि वाटेतच संपलेले पैसे वेगळे.

श्रीमंत-गरिबाच्या उपचारातली दरी मला ऑपरेशन थिएटरात फारशी दिसली नाही. ती त्याच्या आधी आणि त्याच्यानंतर दिसली. म्हणून तुमचा प्रश्न मी जरा वेगळा मांडते: काकांकडे वेळ किती आहे, आणि तेवढ्या वेळात त्यांच्या हक्काचे उपचार त्यांच्यापर्यंत आणता येतील का?

वेळेचं उत्तर फक्त हृदयरोगतज्ज्ञ देऊ शकतात, पण ते त्यांच्याकडून स्पष्ट विचारून घ्यावं लागतं. गरीब माणूस डॉक्टरांसमोर गप्प बसतो. 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणतो आणि बाहेर येऊन माझ्यासारखीला विचारतो, 'बाई, डॉक्टर काय म्हणाले जी?' तुम्ही आत असतानाच विचारा: हे ऑपरेशन दोन-चार दिवसांत व्हायला हवं, दोन-चार आठवड्यांत, की त्याहून थांबता येईल? डावी मुख्य धमनी अडलेली आहे का? हृदयाचं पंपिंग किती आहे? बसल्या जागी, काही न करताही दुखतं का, हे काकांना विचारून डॉक्टरांना सांगा, कारण नुसतं चालताना दुखणं आणि बसल्या जागी दुखणं यांत मोठा फरक आहे. त्यांना गोळ्या देऊन घरी पाठवलं, त्यावरून डॉक्टरांना काही दिवसांची सवड दिसत असावी. पण हा माझा तर्क झाला. तुम्ही तो त्यांच्या तोंडून पक्का करून घ्या.

तर्क चुकला तर काय, तेही सांगून ठेवते. छातीत दाबल्यासारखं दुखून ते काही मिनिटांत थांबलं नाही, किंवा सोबत घाम फुटला, दम लागला, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली, तर १०८ ला फोन करायचा आणि जवळच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात जायचं. त्या वेळी नागपूरचा हट्ट नको. जिल्हा रुग्णालयात ईसीजी होतो, रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन देता येतं, आणि त्या इंजेक्शनाचा उपयोग पहिल्या काही तासांतच जास्त होतो. अशा वेळी कागद शोधत बसू नका. तातडीच्या रुग्णावर प्रथम उपचार करणं हे सरकारी आणि खासगी अशा प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा यांच्या खटल्यात सांगितलेलं आहे. आधी पैसे भरा म्हणून दारात अडवलं, तर हे सांगायला घाबरू नका.

आता योजनेकडे येते. चार लाखांच्या आकड्याने तुम्ही घाबरलात, पण तो भरण्याची वेळ बहुधा येणारच नाही. राज्य सरकारची महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना तुम्ही ऐकली असेल. २०१२ मध्ये ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली, २०१७ मध्ये नाव बदललं. आधी कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं. ते आता पाच लाख आहे, आणि १ जुलै २०२४ पासून पिवळं, केशरी, पांढरं असं कोणतंही रेशनकार्ड असलेलं कुटुंब तिच्यात बसतं. आयुष्मान भारत तिच्याशीच जोडलेली आहे. बायपास, अँजिओप्लास्टी, झडपेची ऑपरेशनं, डायलिसिस, कॅन्सरचे उपचार हे सगळं तिच्यात येतं.

पण या योजनेची एक गोष्ट लोकांना फार उशिरा कळते. ती रोकडरहित आहे. आधी भरायचं आणि मागून परत मिळवायचं, अशी सोय तिच्यात नाही. तुम्ही अँजिओग्राफीचे पैसे भरून मोकळे झालात, ते गेले समजा. आता भरती होण्यापूर्वी योजनेतून मान्यता घेतली तरच पुढचा खर्च वाचेल. 'आधी भरती करू, मग योजनेचं बघू' असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. अगदीच तातडी असेल तर फोनवरून तात्पुरती मान्यता घेऊन भरती करायची आणि कागद मागून द्यायचे, अशी सोय योजनेतच आहे, आणि ती आरोग्यमित्राकडून करून घ्यायची.

आरोग्यमित्र म्हणजे योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात बसणारा माणूस. त्यांचं टेबल बहुतेक वेळा प्रवेशद्वाराजवळ, नोंदणीच्या आसपास असतं. उद्या धंतोलीतल्या त्याच रुग्णालयात परत जा आणि दोन गोष्टी विचारा: तुमच्याकडे ही योजना आहे का, आणि हृदयशस्त्रक्रियेसाठी आहे का? दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. रुग्णालय योजनेत असतं, पण विशिष्ट विभागांपुरतंच असू शकतं. पाटी बघून लोक जातात आणि मग 'आमच्याकडे हाडांसाठी आहे, हार्टसाठी नाही' असं ऐकून परततात. नागपुरात हृदयशस्त्रक्रियेसाठी योजनेत असलेली खासगी रुग्णालयंही आहेत. म्हणजे जमीन न विकताही खासगीत ऑपरेशन होऊ शकतं. यादी १५५३८८ या टोल फ्री क्रमांकावर मिळते.

खासगीत अडचणही येते, तीही सांगते. योजनेचं पॅकेज आपल्या नेहमीच्या बिलापेक्षा कमी आहे आणि पैसे उशिरा येतात, ही रुग्णालयांची तक्रार असते. त्यात तथ्य आहे. पण त्याचा भार शेवटी रुग्णावर येतो. 'योजनेचा बेड रिकामा नाही, पैसे भरून आजच घेतो' किंवा 'योजना आहे, पण अमुक वस्तूचे वरचे पैसे लागतील' असं सांगितलं जातं. योजनेच्या रुग्णाकडून पॅकेजमधल्या उपचारांचे वरचे पैसे घेता येत नाहीत. कोणी मागितले तर पावती मागा, आरोग्यमित्राला सांगा आणि त्याच क्रमांकावर तक्रार नोंदवा. भांडू नका, आवाज चढवू नका. तक्रार क्रमांक लिहून घ्या. नोंदवलेल्या तक्रारीचा फार परिणाम होतो.

कागदांचं मात्र आजच बघा. माझ्या मते गरिबाचे सर्वांत जास्त दिवस इथेच जातात. गोंदिया जिल्ह्यातल्या देवरीकडची एक बाई नवऱ्याच्या हृदयाच्या झडपेसाठी आली होती. तिने माझ्या टेबलावर कापडी पिशवी रिकामी केली. त्यात इकोचे (हृदयाच्या सोनोग्राफीचे) दोन रिपोर्ट होते, कारण पहिला हरवला असं वाटून दुसरा पैसे भरून काढला होता. औषधांच्या पावत्यांचं एक जाड बंडल, पतसंस्थेत सोनं गहाण टाकल्याची पावती, आणि पॉलिथीनमध्ये चार घड्या घालून जपलेलं केशरी रेशनकार्ड. रेशनकार्डावर नवऱ्याचं घरगुती नाव होतं, आधारवर शाळेतलं. संगणकाने ते घेतलं नाही. 'माणूस तर हाच हाये ना जी, मंग कागद काऊन अडते?' ती मला विचारत होती. दुरुस्तीसाठी तिचा दीर गावी गेला, तहसीलमध्ये चकरा मारल्या, आठवडा निघून गेला. पुढे ऑपरेशन योजनेत झालं, त्याला एक रुपया लागला नाही. पण ती गहाणाची पावती होती ऑपरेशनच्या आधीच्या खर्चाची, आणि ते सोनं कोणत्याही योजनेतून सुटणार नव्हतं.

तेव्हा काकांचं रेशनकार्ड आणि आधारकार्ड शेजारी ठेवून नाव, वय, वडिलांचं नाव अक्षर न् अक्षर ताडून बघा. रेशनकार्डावर काकांचं नाव आहे ना, ते बघा. वाटणी झालेल्या घरात ते जुन्याच कार्डावर राहिलेलं असतं. कार्डाचा बारा अंकी ऑनलाइन क्रमांक रेशन दुकानदाराकडून घ्या. आयुष्मान कार्ड काढलं नसेल तर गावातल्या सेवा केंद्रावर काढता येतं. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढायला टाका. योजनेला तो लागला नाही तरी पुढे मी सांगणार आहे त्या दोन ठिकाणी लागेल. आणि धंतोलीतून अँजिओग्राफीची सीडी, इकोचा रिपोर्ट, सुटीचा कागद हे सगळं मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे. सीडी नसली की दुसरीकडे अँजिओग्राफी पुन्हा करावी लागते, म्हणजे पुन्हा खर्च आणि काकांच्या शरीराला पुन्हा त्रास.

ती सीडी घेऊन मेडिकलच्या सुपर स्पेशालिटी रुग्णालयात जा. गावाकडची माणसं मेडिकलच्या मुख्य इमारतीत जाऊन उभी राहतात, तास-दोन तास तिथे जातात. हृदयरोग आणि हृदयशस्त्रक्रिया हे विभाग सुपर स्पेशालिटीत आहेत आणि त्याची इमारत वेगळी आहे. कोणत्या वारी कोणाची ओपीडी असते ते आधी विचारून जा आणि सकाळी लवकर पोहोचा. दुसरं मत म्हणूनही ही भेट मोलाची आहे. तिथल्या डॉक्टरांनीही बायपासच सांगितली तर तुमच्या मनातली शंका मिटेल. मिहानमधल्या एम्सचाही पर्याय आहे, पण शहरापासूनचं अंतर आणि सोबत कोण राहणार याचा विचार करून तो ठरवा.

आता तुमचा दुसरा प्रश्न, गरिबाला तिथे नीट उपचार मिळतात का. ऑपरेशन नीट होतं. ते करणारे हात शिकलेले आणि सरावाचे असतात. मेडिकल १९४७ पासून उभं आहे. विदर्भातल्याच नव्हे, छिंदवाडा, बालाघाट, राजनांदगावकडच्याही माणसांना मोठ्या दुखण्यात तेच आठवतं. पण त्यामुळेच तिथे गर्दी आहे, आणि गर्दीची किंमत गरीब माणूस दिवसांमध्ये मोजतो. तारीख मिळते, पण पुढची मिळते. अतिदक्षता विभागात बेड रिकामा नसला, रक्ताची सोय झाली नाही, आदल्या रात्री एखादा अपघाताचा किंवा अधिक गंभीर रुग्ण आला, की ठरलेली तारीखही सरकते. तुमचा नंबर कधी लागेल हे मी सांगू शकत नाही. ते त्या आठवड्यातल्या रुग्णांवर अवलंबून आहे. काकांची निकड आठवड्याभराची निघाली आणि सुपर स्पेशालिटीत तारीख दोन महिन्यांनंतरची मिळाली, तर योजनेतल्या खासगी रुग्णालयाकडे वळा. दोन्हीकडे चौकशी एकाच वेळी चालू ठेवायला कसलीही बंदी नाही.

वॉर्डातल्या वागणुकीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मला बोलायचं आहे. खासगीत माणसाला 'बसा' म्हणतात. सरकारीत कधीकधी त्याच्यावर ओरडतात. एका परिचारिकेकडे मावणार नाहीत इतके रुग्ण असतात हे कारण मला माहीत आहे, आणि तरी मला ते कधीच मान्य झालं नाही. पांढरा सदरा घातलेला म्हातारा माणूस हात जोडून उभा राहतो आणि त्याला 'तिकडे जा' म्हणतात. 'तिकडे' म्हणजे कुठे, हे कोणी सांगत नाही. अनेक जण इथूनच परत फिरतात आणि गावी जाऊन सावकाराकडून पैसे घेऊन खासगीत जातात. म्हणून काकांसोबत पहिल्या दिवशी तुम्ही स्वतः जा. तुम्ही नागपुरात राहता, लिहिता-वाचता येतं, चार खिडक्या फिरू शकता. दुकानातून एक दिवसाची सुटी घ्या. काहीच सुचलं नाही तर समाजसेवा अधीक्षकांचं कार्यालय विचारा. आमदारांच्या चिठ्ठीवाचून काम होत नाही असं लोक समजतात. योजनेसाठी कोणाच्याही चिठ्ठीची गरज नाही.

तुम्हाला जो फरक जाणवला तो आकड्यांतही दिसतो. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या फेरीत देशभराची सरासरी काढली तेव्हा बाळंतपण सोडून एकदा भरती होण्याचा खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये आणि खासगीत ३१,८४५ रुपये आला होता. ही सगळ्या आजारांची मिळून सरासरी आहे, बायपाससारख्या ऑपरेशनला फरक कितीतरी मोठा पडतो. देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांच्या खिशातून जाणारा हिस्सा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. हे चांगलंच झालं, योजनांचा त्यात वाटा आहे. पण त्याच वर्षी सरकारचा आरोग्यावरचा खर्च देशाच्या सकल उत्पादनाच्या (जीडीपीच्या) १.८४ टक्केच होता, आणि २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचं उद्दिष्ट लिहिलेलं आहे. सुपर स्पेशालिटीत बेड रिकामा नसतो, त्याचं मूळ या फरकात आहे. वॉर्डातल्या डॉक्टरवर राग काढताना आपण हे विसरतो.

योजनेत काही अडलंच, तर दोन दारं आहेत. एक धर्मादाय रुग्णालयांचं. ट्रस्टने चालवलेल्या रुग्णालयांना जमीन, कर अशा सवलती मिळालेल्या असतात. त्याबदल्यात, मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे, त्यांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी पूर्ण मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात, आणि बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची असते. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक. इथे तहसीलदारांचा दाखला कामी येतो. रुग्णालयातल्या समाजसेवकाला भेटा. 'खाटा भरल्या' असं उत्तर आलं तर तेवढ्यावर परतू नका, सहधर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात विचारा, कारण किती खाटा रिकाम्या आहेत याची माहिती त्यांच्याकडे द्यावी लागते. मी स्वतः अशा रुग्णालयात काम केलं आहे. ज्याला ही तरतूद माहीत असते आणि जो दाखला हातात घेऊन येतो, त्याला खाट मिळण्याची शक्यता खूप वाढते. ज्याला सर्वांत गरज असते, त्यालाच बहुतेक वेळा ती माहीत नसते.

दुसरं दार मुख्यमंत्री सहायता निधीचं. उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या आत हवं, रुग्णालयाचा खर्चाचा अंदाज सही-शिक्क्याचा हवा, आणि अर्ज रुग्ण भरती असतानाच करायचा असतो. पैसे रुग्णालयाच्या खात्यात जातात. सिव्हिल लाइन्समधल्या हैदराबाद हाऊसमध्ये त्याचा कक्ष आहे. मात्र जो उपचार योजनेतून मोफत होतो, त्यासाठी आधी योजनाच वापरायला सांगतात. बायपास तिच्यात येते, त्यामुळे तुमच्यासाठी हा शेवटचा पर्याय धरा.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करते, कारण काकांना तपासणीला यावं लागेल तेव्हा तो उपयोगी पडेल. सरकारी रुग्णालयात सगळं मोफत झालं, असं लोक ऐकून असतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत शुल्क बंद झालं. मेडिकल आणि मेयो (नागपुरातलं दुसरं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय) वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहेत, त्यांना तो निर्णय लागू झाला नाही. म्हणून साधा ईसीजी, रक्ततपासणी, रक्तदाब, साखर हे भंडाऱ्यात किंवा पवनीतच करा. त्यासाठी गाडीभाडं खर्चून नागपूरला येऊ नका.

जमिनीबद्दल माझं मत आहे ते असं. बायपाससाठी जमीन विकू नका, कारण ज्या खर्चासाठी विकाल तो योजनेत बसतो. घाईत विकलेल्या जमिनीला भाव मिळत नाही, आणि ऑपरेशननंतर काकांना पोट भरायला तीच लागणार आहे. मात्र योजनेत न बसणारा खर्च असतो आणि तो धरून चाला. सोबतच्या दोन माणसांचं राहणं-खाणं, पवनी-नागपूर ये-जा, रक्तदाते गोळा करणं, बुडालेला रोज, तपासणीच्या फेऱ्या. यासाठी हाताशी थोडी रक्कम हवी. ती नातेवाइकांकडून, बचत गटाकडून उभी करा. तुमच्या मालकांकडे उचल मागता येत असेल तर मागा. त्यांच्या घरात नुकताच हा आजार येऊन गेला आहे, ते समजून घेतील असं मला वाटतं. एकाच परिस्थितीत माझं हे मत बदलेल: काकांचं ऑपरेशन दोन-चार दिवसांत व्हायलाच हवं आणि योजनेतून कुठेच बेड मिळत नाही. तेव्हाही आधी गहाण, मग विक्री, आणि तीही सगळ्या दोन एकरांची नाही.

ऑपरेशनच्या तारखेवरून घरात वाद होईल. मृग तोंडावर आला आहे, काका म्हणतील, 'रोवणी आटपू दे, मग बघू.' डॉक्टरांनी थांबायला मोकळीक दिली असेल तरच थांबा. छातीत दुखत असताना चिखलात वाकून दिवसभर राबणं म्हणजे हृदयावर मोठा ताण. आणि ऑपरेशन आधी झालं तर रोवणीला ते उपलब्ध नसतील हेही आत्ताच गृहीत धरा. छातीचं हाड जुळायला साधारण दोन-तीन महिने जातात, त्या काळात ओझं उचलायचं नाही, जोर लावायचा नाही. या हंगामापुरती शेती ठोक्याने किंवा बटईने देता येईल का, हे काकूंशी बोला. शेतीची सोय लागलेली नसली की माणूस तिसऱ्या आठवड्यात पोतं उचलतो. टाके उसवून परत आलेले मी पाहिले आहेत.

त्याहून जास्त काळजी मला गोळ्यांची वाटते. योजनेत सुटीनंतरच्या पहिल्या काही दिवसांची औषधं मिळतात. पुढे रक्त पातळ ठेवणारी, कोलेस्टेरॉलची, रक्तदाबाची गोळी आयुष्यभर चालते. मालकांचे वडील ती घेणारच, घरात कोणीतरी डबी भरून ठेवेल. काकांच्या घरी चौथ्या महिन्यात दुखणं थांबलेलं असेल, दुकानदाराचं बिल आलेलं असेल, आणि 'आता तर बरं आहे' म्हणून गोळी बंद होईल. नवीन जोडलेल्या नसा पुन्हा अडायला यापेक्षा मोठं निमित्त लागत नाही. सुटीच्या दिवशी डॉक्टरांना सांगा की औषधांची मूळ नावं लिहून द्या, कंपनीची नकोत. जनऔषधी केंद्रात त्याच गोळ्या खूप कमी किमतीत मिळतात, आणि रक्तदाब-साखरेच्या बऱ्याच गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून मोफत मिळतात. आशाताईंना काकांचं ऑपरेशन झाल्याचं सांगून ठेवा. तंबाखू, खर्रा असेल तर तो ऑपरेशनच्या आधीच सुटायला हवा. भंडारा-गोंदियाकडे खर्रा किती चालतो ते मला माहीत आहे, म्हणून मुद्दाम लिहिते.

थोडक्यात क्रम असा ठेवा. आज जमिनीचा व्यवहार थांबवा आणि दोन्ही कार्डं ताडून बघा. उद्या धंतोलीतून सीडी आणि कागद घ्या, निकड किती ते विचारा, तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. त्यानंतरच्या पहिल्या ओपीडीला सुपर स्पेशालिटी. उत्पन्नाचा दाखला गावाकडे समांतर चालू द्या.

आणि मला तीन गोष्टी कळवा, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल: अँजिओग्राफीच्या कागदावर डाव्या मुख्य धमनीबद्दल काय लिहिलंय, पंपिंग किती टक्के आहे, आणि रेशनकार्डावर काकांचं नाव वेगळ्या कुटुंबाचं आहे की अजून आजोबांच्याच कार्डावर. तिसऱ्याचं उत्तर 'आजोबांच्या' असेल, तर उद्या धंतोलीच्या आधी तुमच्या चुलतभावाला पवनीच्या तहसीलमध्ये पाठवा.